शनिवार ते सोमवार कोलकाता: ठिकाणं तीच, वार वेगळे

पुण्यातलं एक जोडपं, दोघंही नोकरी करणारी. संक्रांत उलटून गेल्यावरचा जानेवारीतला शनिवार-रविवार आणि त्याला जोडून घेतलेली सोमवारची रजा, एवढाच अवकाश होता. विमान शनिवारी सकाळी पावणेअकराला उतरणार आणि परतीचं सोमवारी संध्याकाळी सहा चाळीसला सुटणार. मधे दोन रात्री. नवऱ्याला हावड्याचा पूल आणि नदी हवी होती, बायकोला पुस्तकं आणि संग्रहालय. दक्षिणेश्वर-बेलूर दोघांनाही करायचं होतं. नवऱ्याचा एक गुडघा कुरकुरतो, त्यामुळे सलग दोन-अडीच तासांपेक्षा जास्त उभं राहणं नको, ही एक अट.

त्यांनी स्वतः आखलेला पहिला कार्यक्रम असा होता. शनिवारी हॉटेलवर सामान टाकून दुपारी दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ, संध्याकाळी सहाला हावडा पूल. रविवारी सकाळी कॉलेज स्ट्रीट आणि कॉफी हाउस, मग जोडासांकोचा ठाकूरवाडा म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचं घर, मूर्तिकारांची वस्ती असलेली कुमारटुली, आणि सहाच्या सुमाराला प्रिन्सेप घाटावर सूर्यास्त. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम आणि विमानतळ. नऊ ठिकाणं, जेमतेम अडीच दिवस. नकाशावर पाहिलं तर कुठेच खोट दिसत नाही. खोट कॅलेंडरात आणि आकाशात होती.

कुठे अडणार होतं

सगळ्यात मोठी चूक सोमवारची. व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद असतात आणि इंडियन म्युझियमही. जोडासांको आणि नेताजी भवनाचंही तेच. ज्या दिवशी ही दोघं दिवसभर संग्रहालयं बघणार होती, नेमका तोच शहरातल्या संग्रहालयांचा सुट्टीचा वार. व्हिक्टोरियाची बाग सोमवारी उघडी असते आणि तिचं तिकीट वेगळं असतं. म्हणून फाटकाशी तिकीट मिळतं, माणूस निश्चिंतपणे आत जातो आणि मुख्य इमारतीच्या पायऱ्यांशी पोचल्यावर त्याला कळतं की दारं बंद आहेत.

दुसरी चूक रविवारची. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची बहुतेक दुकानं आणि फुटपाथवरच्या टपऱ्या रविवारी बंद असतात. पत्र्याच्या झडपांची ती लांबच लांब रांग बघून ज्याला पुस्तकं चाळायची असतात त्याचा जीव हळहळतो.

तिसरी देवळांची. दक्षिणेश्वरचं कालीमंदिर दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतं आणि तीन-साडेतीनला उघडतं. बेलूर मठ तर सकाळी साडेअकरालाच बंद होतो आणि थेट साडेतीन-चारला उघडतो. या वेळा उन्हाळ्या-हिवाळ्यात थोड्या सरकतात, म्हणून आदल्या दिवशी बघून घ्याव्यात. पण दुपारची ती पोकळी बारा महिने असते. शनिवारी बाराला हॉटेलवरून निघालेलं जोडपं पाऊणच्या सुमाराला दक्षिणेश्वरच्या बंद दाराशी उभं राहिलं असतं.

चौथी चूक उजेडाची. महाराष्ट्रातून जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ती होते, कारण घड्याळ दोन्हीकडे एकच असतं. पुणे साधारण 73.9 अंश पूर्व रेखांशावर, कोलकाता 88.4 वर. फरक साडेचौदा अंशांचा. अंशाला चार मिनिटं धरली तर 58 मिनिटं होतात. कोलकाता पुण्याहून उत्तरेलाही आहे, त्यामुळे हिवाळ्यातला दिवस आणखी थोडा आखूड. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य सव्वासहाच्या पुढे मावळतो, कोलकात्यात सव्वापाचला. सहाला प्रिन्सेप घाटावर पोचलेल्या माणसाला काळं पाणी आणि पुलावरचे दिवे दिसतात. याची दुसरी बाजू मात्र फायद्याची आहे. उगवतीही सव्वासहाला होते. पुण्यात अंधार असतो त्या वेळी इथे फुलबाजार लख्ख उजेडात चाललेला असतो. ज्यांना एरवी पहाटे उठवत नाही त्यांनीही इथे उठावं, कारण शरीराला जो तास सकाळी द्यावा लागतो तो संध्याकाळी हमखास परत मिळतो.

बदललेला आराखडा

नऊच्या नऊ ठिकाणं ठेवली आणि वार-वेळा हलवल्या. सोमवारी जे बंद ते रविवारी, रविवारी जे बंद ते शनिवारी, आणि जे रोज उघडं पण दुपारी बंद ते सोमवारी सकाळी. दक्षिणेश्वरला शनिवार-मंगळवार कालीच्या दर्शनाची गर्दी असते आणि रविवारी तर विचारूच नका, तेव्हा सोमवार तसाही बरा.

मुक्काम पार्क स्ट्रीट मेट्रो स्थानकाच्या जवळ घेतला. इंडियन म्युझियम तिथून चालत, मैदान चालत, व्हिक्टोरिया एक-दोन स्थानकं पुढे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दक्षिणेश्वरपर्यंत जाणारी ब्लू लाइन दाराशी. विमानतळाजवळ स्वस्तात खोली मिळत होती, ती घेतली नाही. दिवसातून दोनदा हॉटेलवर येऊन पाय लांब करता येणं ही या सहलीची खरी गरज होती, आणि गुडघ्याचं तर औषधच.

हॉटेलात दोघांचीही ओळखपत्रं लागतात. एकाचं आधार कार्ड दाखवून भागत नाही, म्हणून दोघांनी मूळ कार्डं जवळ ठेवली. मेट्रोतही तसंच. एका स्मार्ट कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. दोन कार्डं किंवा दोन तिकिटं हवीत. भाडी मात्र फार कमी आहेत. तीन दिवसांत दोघांचा मेट्रोचा एकूण खर्च पाचशेच्या आत राहिला.

शनिवार

जानेवारीत डमडम विमानतळावर सकाळी धुकं धरतं. उशिराच्या विमानांनाही त्याचा फटका बसतो, कारण तीच विमानं सकाळपासून फेऱ्या करत असतात. या जोडप्याचं विमान दीड तास उशिरा उतरलं. आराखड्यात शनिवारची दुपार मुद्दाम सैल ठेवली होती ती याचसाठी, आणि ती सगळी त्यात गेली.

ऑगस्ट 2025 पासून विमानतळाला मेट्रो आहे. जय हिंद स्थानकातून यलो लाइनने नोआपाडा, तिथे गाडी बदलून ब्लू लाइनने पार्क स्ट्रीट. यलो लाइनवर गाड्यांमधलं अंतर मोठं आहे, शनिवार-रविवारी तर जास्तच. तेव्हा पुढची गाडी किती वाजता आहे ते पाहावं आणि फार वेळ असेल तर सरळ टॅक्सी करावी. हातात दोन चाकांच्या बॅगा असतील तर नोआपाड्याला फलाट बदलताना जरा दमछाक होते. ही दोघं मेट्रोने आली, अडीचला सामान टाकलं आणि तीनला निघाली.

कॉलेज स्ट्रीटला महात्मा गांधी रोड स्थानकावरून दहा मिनिटं चालावं लागतं. टपरीवाल्याला विषय सांगितला की तो ढिगातून बरोबर तेवढीच पुस्तकं ओढून काढतो. नुसतं बघत उभं राहिलात तर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पुढे येतात. जुन्या पुस्तकांत घासाघीस चालते, नव्यावर ठरलेली सूट असते. वजनाचं भान ठेवायला हवं, कारण परतीच्या विमानात सामानाची मर्यादा आहे. कॉफी हाउस पहिल्या मजल्यावर आहे. टेबल कुणी दाखवत नाही, रिकामं दिसेल तिथे बसायचं. वरची गॅलरी जरा शांत असते आणि खालचं सगळं सभागृह तिथून दिसतं.

जोडासांको मात्र राहिलं. ते पाचला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याआधीच थांबतो. साडेचारला रिक्षा करून धावतपळत पोचण्यापेक्षा नऊतलं एक सोडून द्यावं, हे दोघांनी कॉफी संपेपर्यंत ठरवलं. योग्य केलं. रवींद्रनाथांच्या घरात शिरून पंधरा मिनिटांत बाहेर पडणं यात कुणाचंच समाधान नव्हतं.

ट्रामचं काय, हा प्रश्न याच वेळी निघाला. कोलकात्यात ट्राम पहिल्यांदा 1873 मध्ये धावली, पण आता फार थोडे मार्ग उरलेत. 2024 साली राज्य सरकारनं एस्प्लनेड ते मैदान हा वारसा मार्ग सोडून बाकीची सेवा थांबवण्याचं जाहीर केलं. समोर दिसली तर जरूर बसावं. तिच्या भरवशावर कुठे वेळेत पोचायचं ठरवू नये.

रविवार: नदी वरून आणि खालून

रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून सकाळी सहाला हॉटेलवरून टॅक्सी. टॅक्सीवाल्याला “दादा, मल्लिक घाट, फूल बाजार” एवढं सांगितलं की पुरतं. हिंदी सगळीकडे चालते आणि “दादा”, “दीदी” म्हटलं की बोलणं सोपं होतं.

मल्लिक घाटाचा फुलबाजार हावडा पुलाच्या पायथ्याशी, कोलकात्याच्या बाजूला आहे. इथे जुने बूट घालून जावं. वाट अरुंद, तुडवल्या पाकळ्यांचा आणि पाण्याचा चिखल घोट्याच्या खालपर्यंत. हमाल डोक्यावर झेंडूच्या माळांचे अजगरासारखे जाडजूड वेटोळे घेऊन येतात. त्यांना मान वळवता येत नाही, थांबताही येत नाही, म्हणून बाजूला आपणच व्हायचं. फोटो काढणाऱ्याचं लक्ष कॅमेऱ्यात असतं आणि धक्का तिथेच लागतो. दोघं असण्याचा इथे फायदा झाला. एकानं फोटो काढायचा, दुसऱ्यानं मागची वाट बघायची.

तिथून जिना चढून पुलावर. हावडा पूल फेब्रुवारी 1943 मध्ये खुला झाला. 1965 पासून त्याचं अधिकृत नाव रवींद्र सेतू. लांबी 705 मीटर, पोलाद साडेसव्वीस हजार टन, आणि सगळी जोडणी रिव्हेटची; नट-बोल्ट नाहीत. चालत जाताना कठड्याशी हात लावून उभं राहिलं की जड बस गेल्यावर पोलादाची थरथर तळव्याला कळते. साडेसात ते आठ या वेळात पदपथावर गर्दी बेताची होती. कामाच्या दिवशी याच वेळी माणसांचा लोंढा हावडा स्टेशनाकडून समोरून येतो आणि उभं राहायलाही जागा मिळत नाही.

पलीकडे हावड्याला कचुरी आणि बटाट्याची तोरकारी खाऊन नऊच्या पुढची मेट्रो. बायको शाकाहारी होती. “निरामिष” हा शब्द तिला तीन दिवस पुरला. हावडा ते एस्प्लनेड हा मार्ग मार्च 2024 मध्ये सुरू झाला. नदीखालचा बोगदा 520 मीटरचा, गाडी तो सुमारे पाऊण मिनिटात पार करते. नदीखालच्या भागात भिंतींवर निळे दिवे आहेत, तेवढीच खूण. बोलत राहिलात तर निघून जाते. पूल चालत ओलांडायला वीस मिनिटं आणि त्याच नदीखालून परत यायला पाऊण मिनिट, हे एकाच सकाळी अनुभवणं फार सुंदर आहे. त्यासाठी क्रम हाच ठेवावा: आधी वरून, मग खालून. उलट केलं तर पुलाची उन्हं निघून जातात.

हॉटेलवर तासभर आराम आणि अकराला व्हिक्टोरिया. पायाभरणी 1906 ची, उद्घाटन 1921 चं, विल्यम इमर्सन वास्तुकार, संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. आत सगळं बघायला गेलं तर पाय मोडतात. सव्वा तास ठरवून घेतला. त्यातली पंधरा मिनिटं व्हेरेश्चागिन या रशियन चित्रकाराच्या एका चित्रासमोर गेली. 1876 साली जयपुरात शिरणारी प्रिन्स ऑफ वेल्सची हत्तींवरची मिरवणूक. चित्र एवढं मोठं आहे की जवळून हत्तीचा पाय दिसतो आणि मिरवणूक बघायला मागे मागे सरकावं लागतं.

दुपारी दोनला इंडियन म्युझियम. 1814 सालचं हे देशातलं सर्वांत जुनं संग्रहालय. ममी बघायला सगळे धावतात, आणि ती बघावीच. पण वेळ द्यायचा तो भारहूतच्या दालनाला. मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपाभोवतालचा लालसर दगडी कठडा आणि तोरण इथे आणून उभं केलंय. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला ते अवशेष 1873 मध्ये सापडले. कठड्यावरच्या एका गोल शिल्पात जेतवनाच्या खरेदीची गोष्ट आहे. अनाथपिंडक या व्यापाऱ्याला बुद्धासाठी ही बाग हवी होती. तिचा मालक असलेल्या राजपुत्रानं किंमत सांगितली ती अशी की जमीन नाण्यांनी झाकायची. शिल्पात गाडीचे बैल सोडलेत, माणसं चौकोनी नाणी एकाला एक लावून फरशीसारखी मांडताहेत आणि अनाथपिंडक दानाचं पाणी सोडायला हातात झारी घेऊन उभा आहे. खाली ब्राह्मी लिपीतली ओळ. कठड्याच्या खांबांवर दात्यांची नावं आहेत आणि शेवटी “दानं” हा शब्द. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दानलेख पाहिलेल्या माणसाला ही अक्षरं ओळखीची वाटतात.

हाच “दानं” शब्द जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला ब्राह्मी वाचण्याची किल्ली ठरला. सांचीच्या छोट्या छोट्या लेखांचा शेवट सारखाच होतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि 1837 मध्ये लिपी उलगडली. 1840 मध्ये तो वारला. त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या घाटावर तासाभरात पोचायचं होतं, म्हणून ही दोन ठिकाणं एकाच दुपारी लागोपाठ ठेवली होती. सुटी सुटी पाहिली तर एक दगडांचं दालन आणि एक खांबांचा मंडप एवढंच उरतं.

चारला म्युझियममधून निघून साडेचारच्या आत घाटावर. सूर्यास्त सव्वापाचचा असला तरी हिवाळ्यात हवा धुरकट असते. सूर्य पलीकडच्या काठाला टेकण्याआधीच पंधरा-वीस मिनिटं तांबूस होऊन विरतो. पाच वाजून दहा मिनिटांनी पोचणाऱ्याला काहीच मिळत नाही. होडीचं भाडं माणशी नसतं, होडीचं असतं, अर्ध्या तासाचं किंवा तासाचं. ते बसण्याआधी ठरवावं आणि लाइफ जॅकेट मागून घ्यावं. या हुगळी नदीला समुद्राची भरती-ओहोटी आहे. ओहोटीच्या वेळी खालच्या पायऱ्यांना बुळबुळीत गाळ असतो, आणि त्या दिवशी होताच. गुडघा दुखणाऱ्या माणसानं तिथे नावाड्याचा हात धरायला संकोच करू नये. होडी विद्यासागर सेतूच्या खालून जाते तेव्हा वर बघावं. तारांचे पंखे दोन्ही बाजूंना उलगडतात.

संक्रांतीच्या आठवड्यात हा बेत चालला नसता. त्या दिवसांत गंगासागरला जाणाऱ्या यात्रेकरूंचे तळ जवळच्या बाबूघाट परिसरात पडतात आणि सगळा किनारा भरून जातो.

सोमवार

सातला पार्क स्ट्रीटहून मेट्रो, पावणेआठला दक्षिणेश्वर. ऑफिसची गर्दी उलट दिशेला असते, त्यामुळे बसायला जागा मिळाली. स्थानकापासून मंदिरापर्यंत स्कायवॉक आहे. राणी रासमणीनं 1855 मध्ये प्रतिष्ठा करवलेलं हे नऊ शिखरांचं मंदिर, नदीकाठी बारा शिवमंदिरांची ओळ. फोन आत नेता येत नाही. चपला आणि फोन-बॅग यांचे काउंटर वेगळे आणि रांगाही वेगळ्या. “तू जा, मी सामान धरते, मग मी जाते” असं अनेक जोडपी करतात आणि दुप्पट वेळ घालवतात. दोघांनी सगळं जमा करावं, पावती एकानं खिशात ठेवावी आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी बोलून घ्यावं. हे शेवटचं या दोघांनी केलं नाही. दर्शनानंतर एक घाटाच्या पायऱ्यांवर आणि दुसरा काउंटरपाशी, फोन दोघांकडेही नाहीत, अशी वीस मिनिटं गेली.

त्यामुळे बेलूरची होडी एक फेरी उशिरा मिळाली. धुकं दाट असेल तर लाँच सुटतच नाही. तेव्हा पुलावरून रिक्षा किंवा बस हा पर्याय मनात असावा. बेलूरला दहाला पोचून सव्वा तास मिळाला, आणि शांत बसायला तो पुरेसा आहे. मुख्य मंदिर 1938 सालचं, आत फोटो काढायला मनाई. साडेअकराला घंटा होते आणि सेवक नम्रपणे पण ठामपणे सगळ्यांना बाहेर काढतात.

परतताना शोभाबाजार स्थानकावर उतरून कुमारटुली. जानेवारीत इथे सरस्वतीचे दिवस असतात. बांबूच्या सांगाड्यावर सुतळीनं आवळलेला पेंढा, त्यावर मातीचे थर, वाळताना पडलेल्या भेगांवर ओल्या मातीत बुडवलेल्या फडक्याच्या पट्ट्या. मुंडकी वेगळी साच्यात काढून उन्हात मांडलेली. गल्ली दोन माणसांच्या रुंदीची आहे. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी, ओल्या मूर्तीला धक्का लागला तर कारागिराचा दिवस जातो. फोटोआधी विचारावं, काही जण थोडे पैसे मागतात, ते द्यावेत. इथून उत्तरेला बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीनं शहराभोवती खणलेल्या खंदकाची ती आठवण. खंदक बुजला, नाव राहिलं.

दोनला हॉटेल, सामान, नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाच्या सोंदेश मिठाईचा डबा, आणि तीनला विमानतळाकडे. हा गूळ थंडीतच मिळतो. सोंदेश कोरड्यातला घ्यावा, रसातला घरी पोचेपर्यंत टिकत नाही. सहा चाळीसच्या विमानासाठी तीनला निघणं लवकर वाटेल, पण टॅक्सी करायची तर कामाच्या दिवशी तासापेक्षा जास्त धरावा लागतो.

सोमवारबरोबर मंगळवारचीही रजा मिळत असेल आणि सहल रविवार ते मंगळवार करायची असेल तर हीच ठिकाणं अशी लागतात. रविवारी दुपारी इंडियन म्युझियम आणि लगेच प्रिन्सेप घाट. सोमवारी सकाळी दक्षिणेश्वर, बेलूर, कुमारटुली आणि तिथून दुपारी कॉलेज स्ट्रीट, कारण सोमवारी दुकानं उघडी असतात. मंगळवारी पहाटे फुलबाजार. पूल मात्र लोंढा सुरू होण्याआधी, उजाडताच ओलांडायचा. मग दहाला व्हिक्टोरिया आणि विमान संध्याकाळचं असेल तर वाटेत गिरीश पार्कला उतरून जोडासांको.